आत्याबाईची थंडी

नागपुरात उन्हाळ्याच्या नावानं रडणारे लोक घरोघरी भेटतीन, पण थंडीसाठी रडणारं माणूस अख्ख्या शहरात एकच आहे, अन् ते नेमकं माह्या सासरी निघालं. आमच्या आतेसासूबाई, म्हणजे यांच्या सख्ख्या आत्या. दसरा झाला का त्या रोज सकाळी गॅलरीत येतात, हात बाहेर काढून पाहतात, पाऊस आला का ते आपण पाहतो ना तसं, अन् हात आत घेऊन म्हणतात, "आली नाई वं अजून." जशी काही कोणी पाहुणी येणार आहे अन् तिची गाडी लेट झाली आहे. दिवाळी होऊन जाते, तुळशीचं लग्न होऊन जाते, अन् तरी पंखा लावावा लागला तं आत्याबाईले जेवण जात नाई. अन् अशात टीव्हीवाल्यानं सांगतलं का आज विदर्भात सगळ्यात जास्त थंडी गोंदियाले पडली, तं मंग त्या दिवशी कोणी त्यांच्या वाटेले जायचं नाई. "गोंदियाले काहून? गोंदियानं असं काय पुण्य केलं? आपण काय वाईट वागलो का कोणाशी?" मी म्हटलं, आत्याबाई, उद्या आपल्याकडे पडंन. तं म्हणे, "तुले काय, तू तं खुशच आहे."

खुशच होती मी, खोटं कायले बोलू. मले थंडीची भीती वाटते. आता नुसती भीती म्हणून सोडून देऊ नका, त्याचं सांगते पुढं, आधी आत्याबाईचं सांगू द्या, नाईतं माहंच सुरू होऊन जाते अन् त्या राहून जातात.

आमचं घर नागपूरच्या टोकाले, बेसाले आहे, फ्लॅटची स्कीम. वरच्या माळ्यावर आम्ही, म्हणजे मी, हे, अन् आमचा गुड्डू, अन् खालच्या माळ्यावर आत्याबाई एकट्या. हे मिहानमधल्या कंपनीत कामाले, शिफ्टची ड्युटी, घरी असले तं झोपलेले नाईतं निघालेले. सासूबाई गावी, संत्र्याच्या बागेत. म्हणून इथं मोठं माणूस म्हणावं तं आत्याबाईच. त्यांचं लग्न झालं अन् त्या सरळ हिमाचलात गेल्या होत्या. आतोबा मिलिटरीत क्लार्क, अन् पोस्टिंग अशा गावी का अर्धं वर्ष बर्फ अन् उरलेलं अर्धं वर्ष बर्फाची वाट. काटोलच्या उन्हात वाढलेली पोरगी तिथं गेली अन् तिथलीच झाली. मंग आतोबा रिटायर झाले, नागपूरले आले, काही वर्षानं वारले. आत्याबाई नागपूरले आल्या खऱ्या, पण त्यांचे पाय काही आले नाईत. खरंच सांगते, त्या अजून बर्फावरच चालतात. डांबरी रस्ता, वरून ऊन, अन् ह्या पाऊल उचलतात हे एवढं वर, अन् ठेवतात हळूच, आधी टाच, जरा थांबून मंग वजन. मागून लेआउटमधले पोट्टे त्यांच्यासारखेच चालतात, रांगेनं, बदकाच्या पिल्लावानी. वॉचमननं एकदा विचारलं, "आजी, पायाले लागलं का काही?" तं म्हणे, "लागलं नाई गा, लागू नये म्हणून चालून राहिली अशी. बर्फावर घाई केली का माणूस आडवा." वॉचमननं खाली रस्त्याकडं पाहिलं, मंग माह्याकडं पाहिलं. मी आपली वर पाहून राहिली.

थंडी एकदाची पडली ना, का मंग आतोबाचा मिलिटरीचा हिरवा कोट पेटीतून निघते. साडीवर तो कोट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, कान उघडे. कोटाच्या एका खिशात ज्वारी अन् एकात दुर्बीण, तिचा एक डोळा फुटलेला, म्हणून आत्याबाई पक्षी पाहतात तं एक डोळा मिटून, बंदूक धरल्यावानी. मी विचारलं, आत्याबाई, तुमाले तं थंडी वाजतच नाई म्हणता, मंग कोट कायले घालता? तं म्हणे, "अवं, ती एवढ्या दुरून येते, आपण तिच्यासाठी जरा तयार तं व्हावं ना." अन् अशा तयार होऊन, तांबडं फुटायच्या आत, लेआउट संपते तिथं मागं एक तळं आहे तिकडं त्या जातात. गवतावर दव असते, त्याले त्या दव म्हणत नाईत, "कच्चं बर्फ" म्हणतात. धुकं पडलं का सगळे लोक घरात, अन् ह्या रिकाम्या प्लॉटच्या मधोमध उभ्या. मागं एकदा मी वरून ओरडली, आत्याबाई, काही दिसून राहिलं का तिथं? तं धुक्यातून नुसता आवाज आला, "काहीच नाई दिसून राहिलं! ये पाहाले!"

पक्ष्याइच्या बाबतीत मात्र त्या भलत्या कडक. तळ्यावर कोणी बोलायचं नाई, खोकायचं नाई, चपला घासायच्या नाईत. आमच्या स्कीममधले एक रिटायर काका रोज मोबाइलवर मोठ्यानं भजन लावून तिकडूनच फिरायचे. आत्याबाई एका दिवशी त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या अन् हात जोडून म्हणे, "भाऊ, देवाले कमी ऐकू येते का?" काका म्हणे, नाई, पण मले येते. आत्याबाई म्हणे, "मंग तुम्ही कानाशी लावा ना गा, बदकाइच्या कानाशी काहून लावून राहिले?" काका रागानं चार दिवस दुसऱ्या रस्त्यानं गेले, अन् पाचव्या दिवशी भजन बंद करून आत्याबाईच्या मागं येऊन उभे राहिले, का बाप्पा पाहू तं खरं, कायसाठी एवढा आटापिटा आहे. आता ते आत्याबाईहून जास्त कडक झाले. कोणी शिंकलं तं तेच वळून पाहतात.

बदकाइचंही त्यांचं सगळं नात्यागोत्यातलं. एक असते, त्याच्या चोचीवर लाल ठिपका अन् टोकाशी पिवळं, हळदीकुंकू बदक म्हणतात त्याले. ते दिसले का आत्याबाई म्हणतात, "आल्या सवाष्णी." ते इथलेच, बारा महिन्याचे. पण थंडीत दुसरे येतात, मोठे, सोनेरी अंगाचे, चक्रवाक, ते पार हिमालय ओलांडून येतात म्हणे. ते आले का आत्याबाईचा चेहरा असा होते का जसं माहेराहून कोणी आलं अन् पिशवीत काय आणलं ते अजून दाखवलं नाई. कोट नीट करतात, पदर नीट करतात. "बर्फावरून आले वं हे. त्याइच्या पायाले लागलं असंन ते बर्फ." मी मनात म्हणायची, आत्याबाई, एवढ्या दुरून येता येता वितळलं असंन. पण तोंडानं नाई म्हटलं कधी.

हे सगळं मले पुष्कळ दिवस नुसतं वरून दिसायचं, खिडकीतून. कारण का थंडीत मी खाली जातच नव्हती. आता सांगते. मागच्या संक्रांतीले आमचा गुड्डू धंतोलीले दवाखान्यात होता. दिवाळीनंतर सर्दी झाली, बरी झाली, मंग परत झाली, अन् मंग ते छातीत उतरलं. एवढंसं पोट्टं, नाकाले नळी, अन् छाती अशी आत-बाहेर आत-बाहेर, अन् रडायचा तं आवाजच निघायचा नाई. तोंड उघडायचा, चेहरा लाल व्हायचा, अन् आवाज नाई. मी माय आहे, मले पोराचं रडणं ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. त्याची पयली लूट राहून गेली. लूट म्हणजे संक्रांतीले लहान पोराले काळा झबला अन् हलव्याचे दागिने घालून त्याच्या डोक्यावरून मुरमुरे, बोरं, रेवड्या ओततात अन् बाकीचे पोट्टे ते लुटतात, ते. हलव्याचे दागिने मी आधीच आणून ठेवले होते, ते डब्यात चिकटून गेले.

पोरगं बरं झालं, घरी आलं, डॉक्टर म्हणे सांभाळा. मी सांभाळलं. असं सांभाळलं का या साली दिवाळी झाली अन् मी गॅलरीचं दार लावलं, खिडक्या लावल्या, फटीत चिंध्या कोंबल्या. ओव्याची पुरचुंडी गळ्यात, लसणाची माळ वरून, बनियन, स्वेटर, त्यावर स्वेटर, कानटोपी, मोजे. हे म्हणत, अवं, पोराले बसता तं येऊ दे. मी म्हणत होती, बसायचं काय आहे, उन्हाळ्यात बसंन. गुड्डू दिवसभर खिडकीच्या काचेले नाक लावून उभा. काचेवर त्याच्या श्वासाचं धुकं जमायचं, तो ते हातानं पुसायचा, परत जमायचं.

अन् आत्याबाई रोज तळ्यावरून आल्या का आधी आमची बेल वाजवणार. गार हात, लाल नाक, खुशीत. "दे पोट्टं."

"नाई देत, आत्याबाई."

"नुसतं जिन्यात नेते."

"जिन्यात वारा असते."

"अवं, वारा नाई तो, हवा आहे. हवेशिवाय जगत नाई पोट्टं."

"घरात आहे ना हवा."

मंग त्या आत यायच्या, जोरानं एक श्वास घ्यायच्या अन् म्हणायच्या, "हे हवा आहे का? हे तं कालच्या फोडणीचा वास आहे." अन् मी चहा ठेवायची. असं रोजचं. भांडण नाई म्हणता येणार, पण दोघीही मागं हटत नव्हतो. लसीसाठी धंतोलीले गेलो तेव्हा त्या मुद्दाम सोबत आल्या. डॉक्टरनं छाती तपासली, म्हणे एकदम साफ आहे, याले बाहेर नेत जा, कोवळ्या उन्हात खेळू द्या, बंद खोलीत पोरं जास्त आजारी पडतात. मले वाटलं आता आत्याबाई परतीच्या पूर्ण रस्त्यानं मले ऐकवतीन. पण त्या ऑटोत एक शब्द बोलल्या नाईत. बाहेर पाहून राहिल्या. त्याचाच मले जास्त त्रास झाला. बोलल्या असत्या तं मी उत्तर दिलं असतं ना.

अन् मंग तो पक्षी आला. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर एका सकाळी बसला, चिमणीएवढा, पाठ काळी, पोट विटकरी. बसल्या बसल्या त्याची शेपटी थरथर थरथर. थांबायचं नावच नाई. गुड्डू काच बडवून राहिला अन् माहा जीव असा कसनुसा झाला का विचारू नका. अवं माय, हे पाखरू तं थंडीनं मरून राहिलं! हे ड्युटीवर, कोणाले सांगू? मीनं गुड्डूची जुनी लोकरीची टोपी घेतली, त्यात कापूस भरला, घरटं केलं, अन् त्या दिवाळीनंतर पयल्यांदा गॅलरीचं दार उघडून, श्वास रोखून, ते बाहेर ठेवून आली. पक्षी उडून गेला. दुसऱ्या दिवशी परत तिथंच, टोपीच्या बाजूले, टोपीत नाई, अन् तसाच थरथरून राहिला. मंग मी टोपीजवळ कोमट पाणी ठेवलं वाटीत. आत्याबाई आल्या, त्यांनी काचेतून ते सगळं पाहिलं, टोपी, कापूस, वाटी, अन् त्या तिथंच भिंतीले धरून खाली बसल्या. मी घाबरली, का काय झालं यांले. तं त्या हसून राहिल्या होत्या. आवाज नाई, नुसतं अंग हलून राहिलं. बऱ्याच वेळानं डोळे पुसून म्हणे, "अवं वेडे, तो थिरथिऱ्या आहे! थंडीनं नाई थरथरत, त्याची रीतच आहे ती. तो तिकडचाच, पहाडातला. आमच्या दारात यायचा उन्हाळ्यात. त्याले तं तुही थंडी म्हणजे आंघोळीचं गरम पाणी!" अन् परत हसल्या. मलेही हसू आलं. पण मनात एक गोष्ट राहिलीच, का एवढंसं पाखरू सारखं थरथरते अन् तरी पहाडावरून इथवर उडत येते, बाप्पा.

संक्रांत जवळ आली. आत्याबाई म्हणे, "याची लूट राहिली आहे मागची. या साली मी करते, तू काहीच पाहू नको." मोठं माणूस स्वतःहून म्हणून राहिलं, अन् मले बरं वाटलं, का चला, खाली त्यांच्या हॉलमधी होईन, दारं लावून घेऊ. त्या घरोघर जाऊन बोलावणं करून आल्या. अन् आदल्या दिवशी दुपारी समोरची बाई तीळ निवडता निवडता मले म्हणते, "काय वं, गुड्डूची लूट तळ्यावर आहे म्हणे? सकाळी सकाळी? पोराइले स्वेटर घालून पाठवा म्हटलं आत्याबाईनं."

मी तशीच खाली गेली. चप्पल नाई, पदर नाई, श्वास वर.

"आत्याबाई, मले विचारलं नाई तुम्ही!"

"विचारलं असतं तं तू नाई म्हटली असती."

"मंग?"

"म्हणून तं नाई विचारलं."

मले रडूच फुटलं. मी म्हटलं, तुमाले काय माहीत, तुमाले थंडी म्हणजे खेळ आहे, तुमी त्याले पाहिलं नाई नळीत, मी पाहिलं, रात्रंदिवस मी पाहिलं. आत्याबाई मुरमुरे चाळत होत्या, त्यांनी चाळणी बाजूले ठेवली. मले वाटलं चिडतीन. तं मले पाटावर बसवलं अन् खालच्या आवाजात म्हणे, "मी पयल्या वर्षी त्या गावी गेली ना, तं पयलं बर्फ पडलं अन् मी दार लावून बसली. पूर्ण थंडी. शेगडीपुढं. तुह्या आतोबाले म्हणायची, मले काटोलले पोहचवून द्या, मी मरून जाईन. बाहेर बाया पाठीवर पोरं बांधून पाणी भराले जात होत्या, पोरांचे गाल सफरचंदावानी, अन् मी खिडकीतून पाहून राहिली. मंग बर्फ वितळून गेलं. अन् शेजारची एक पहाडी बाई येऊन म्हणे, तू तं काहीच पाहिलं नाई. तेव्हा मी रडली. आधी बर्फ आलं म्हणून रडली, मंग ते गेलं म्हणून रडली." त्यांनी परत चाळणी घेतली. "तू म्हणशीन तं इथंच करू उद्या. दार लावून, पडदे लावून, तुह्या मनासारखं. मी सगळ्याइले तसं सांगून येते. माय तू आहे, मी नाई."

अन् एवढं बोलून त्यांनी सगळं माह्यावरच सोडून दिलं ना. त्यापेक्षा हट्ट केला असता तं बरं होतं. सकाळी सांगते म्हणून मी वर आली.

सकाळी हे ड्युटीवरून आले होते, डोळे लाल, मले म्हणे, काय ठरलं मंग, खाली का तळ्यावर? मी गुड्डूले कपडे चढवून राहिली. काळा झबला, त्यावर एक स्वेटर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, कानटोपी, अन् कानटोपीवर हलव्याचा मुकुट काही बसेना, तं तो दोऱ्यानं बांधला. पोराचे हात खाली येईनात, असे दोन्हीकडं ताठ. त्याले उचललं, गोधडीत घेतलं, अन् जिना उतरली. आत्याबाईच्या दारापुढं थांबली नाई, सरळ गेटकडं गेली. मागून यांचा आवाज आला, "अवं, खरंच?" मी म्हटलं, "चला लवकर, नाईतं मी परत फिरीन."

तळ्यावर पाय ठेवला तं बाप्पा, ते पाणी! धूर निघून राहिला होता पाण्यातून, पांढरा, हळू हळू, अन् त्या धुरात ते सोनेरी बदक, पाण्यावर असे बसलेले का जसे कोणी मांडून ठेवले. मीनं हे एवढे दिवस खिडकीतून पाहिलं होतं, पण खिडकीतून धूर दिसत नव्हता. काठावर पोट्टेच पोट्टे, स्वेटर, मफलर, नाकं वाहून राहिलेली. आत्याबाईनं त्याइले आधी कामाले लावलं होतं, का बाभळीत अडकलेला पतंगांचा मांजा सगळा काढा, पक्ष्याइच्या पंखाले लागते, मांजा आणून देईन त्यालेच लूट. सगळ्याइच्या हातात मांज्याचे गोळे. आत्याबाईनं मले पाहिलं, गुड्डूले पाहिलं, अन् आनंद बिनंद काही दाखवला नाई, नुसतं म्हणे, "हे पोट्टं आहे का गादी? एक तं काढ त्यातला." मी एक काढला. त्यांनी माह्याकडं पाहिलं. मी अजून एक काढला. भजनवाले काका म्हणे, गोधडी राहू द्या बरं, बाई. ते मले खूप बरं वाटलं.

अन् मंग आत्याबाईनं सगळ्या पोट्ट्याइले जवळ घेऊन सांगतलं, "पाहा रे, लूट मुकाट्यानं करायची. बदकं बसले आहे. जो ओरडला त्याची रेवडी बंद." मी जन्मात अशी लूट पाहिली नाई. पाटावर गुड्डू बसला, आत्याबाईनं पायलीनं त्याच्या डोक्यावरून मुरमुरे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, चॉकलेट सगळं ओतलं, अन् पंधरा-वीस पोट्टे तुटून पडले, पण मुक्यानं! कोणी कोणाले चिमटा काढून राहिलं, कोणी कोणाच्या हातावर बसलं, अन् आवाज नाई. "माहं आहे ते, सोड ना बे," हेही कानात. मधून एक साळुंकी आली, तिनं मुरमुरा उचलला, तिच्या मागं चार आल्या, अन् पोट्टे अन् साळुंक्या एकाच पाटाभोवती. हे माह्या बाजूले उभे राहून तोंडावर रुमाल धरून हसून राहिले. अन् मी, मी फक्त गुड्डूच्या छातीकडं पाहून राहिली होती, वर-खाली होते का, किती होते.

दुसरी पायली ओतली अन् एक साळुंकी नेमकी गुड्डूच्या मांडीवर बसली. त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं. अन् गुड्डूनं दोन्ही हात वर केले अन् असा ओरडला, असा ओरडला, का मी पाटाकडं धावलीच. अन् मंग समजलं का हे रडणं नाई, खुशी आहे. तोंड उघडलं अन् आवाज निघाला, पूर्ण छातीतून, मोठ्ठा, कोठं अडकला नाई, काही घरघर नाई, तळ्याच्या त्या काठाले जाऊन परत आला. सगळे सोनेरी बदक एकदम उठले. पाण्याचा आवाज, पंखाइचा आवाज, अन् डोक्यावरून गेले आमच्या, इतके जवळून का पंखाखालचं पांढरं दिसलं. पोट्टे घाबरले, सगळ्याइनं आत्याबाईकडं पाहिलं. भजनवाले काकानं तं डोळेच मिटले. कारण का तिथं कोणी खोकललं तरी आत्याबाई सोडत नाईत.

आत्याबाई वर पाहून राहिल्या होत्या. ते पार बारीक होईतो. मंग गुड्डूकडं वळून म्हणे, "परत ओरड बरं."

तो परत ओरडला. मंग सगळे पोट्टे ओरडले. मंग काकाही ओरडले. मी रडून राहिली होती, पण ते कोणाले दिसलं नाई, कारण का थंडीत सगळ्याइचेच डोळे गळत होते.

दुसऱ्या दिवशी गुड्डूचं नाक वाहिलं. तेवढंच. मी कान लावून लावून ऐकलं, छातीत काही नाई. तिसऱ्या दिवशी आत्याबाईची बेल वाजली, तं मी त्याले बूट घालूनच उभी होती. त्या म्हणे, "देते का?" मी म्हटलं, "देत नाई, मी पण येते." अन् मंग ती थंडी आम्ही तिघांनी काढली. बदकं परत आले होते दोन दिवसानं, आत्याबाई म्हणे रागावले नाईत ते. मी अजूनही गोधडी सोबत नेत होती अन् आत्याबाई अजूनही म्हणत होत्या का हे काय थंडी आहे, हे तं कोणी फ्रीजचं दार उघडं ठेवलं एवढंच. एका सकाळी खरीच कडाक्याची पडली, गाड्याइच्या सीटवर पांढरं जमलं, अन् टीव्हीवर सांगतलं का आज सगळ्यात जास्त थंडी नागपूरले. आत्याबाई त्या दिवशी स्कीममधी घरोघर तिळगूळ वाटून आल्या, संक्रांत होऊन गेली होती तरी.

मंग ती गेली. थंडी येताना एवढी वाट पाहाले लावते, पण जाताना सांगून जात नाई. एका सकाळी तळ्यावर पोहचलो तं पाण्यातून धूर नव्हता, अन् सोनेरी बदक एकही नव्हतं. नुसतं पाणी, अन् त्यावर ऊन. आम्ही जरा वेळ बसलो अन् आलो. वाटेनं माह्या लक्षात आलं का मले वाईट वाटून राहिलं होतं. मले! थंडी गेली म्हणून!

त्याच संध्याकाळी यांनी पंखा लावला, एक नंबरवर. आत्याबाई चहाले आल्या होत्या, गुड्डू त्यांच्या मांडीवर झोपला होता. त्यांनी वर पंख्याकडं पाहिलं, तो फिरत राहिला, अन् त्या म्हणे, "झालं." त्यांच्या तोंडावर काहीतरी असं होतं का मले ते पाहवलं नाई, अन् मी विचार न करता बोलून गेली, "आत्याबाई, त्या तुमच्या गावी पोराले बर्फात नेताना किती कपडे घालतात?"

हे ड्युटीचे बूट घालून राहिले होते, ते तसेच थांबले.

"कायले विचारून राहिली वं?"

"असंच."

"असंच कोणी विचारत नाई."

"जाता येईन का पुढच्या साली? यांना सुट्टी भेटली तं. तुमी, आम्ही."

आम्ही जाऊ का नाई, मले माहीत नाई. यांची सुट्टी असते, आत्याबाईचे गुडघे असतात, अन् माही भीती काही कोठं गेली नाई, प्रवासाचं नाव काढलं का ती उठून बसते. पण आत्याबाई सांगाले लागल्या. आतून लोकरीचं घालायचं, वरून ढिलं, आवळायचं नाई, अन् हातमोजे खिशात ठेवायचे, कारण का पोराले पयले बर्फ उघड्या हातानं धरू द्यावं लागते, नाईतं ते ऐकत नाई. अन् पयलं बर्फ पडते ना, ते रात्रीतून पडते, सकाळी उठलं का आवाज नसतो, कशाचाच नाई, त्यावरून समजते. त्या सांगून राहिल्या, मी ऐकून राहिली, हे बूट अर्धे घालून ऐकून राहिले. चहा कधीचा तसाच होता त्यांच्यापुढं. मी म्हटलं, आत्याबाई, गार झाला, गरम करून आणते.

त्यांनी कपाले हात लावून पाहिला.

"राहू दे," म्हणे, "असाच बरा आहे."